नानकटाई निघाली पुण्याला

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका गावात राहते. दोन वर्षांपूर्वी छोटा ओव्हन घेतला, तेव्हापासून नानकटाई, ज्वारीच्या पिठाची गुळाची बिस्किटं, खोबऱ्याच्या कुकीज असं घरी करते. चवीला सगळे नावाजतात. मागच्या दिवाळीत नणंदेकडं लातूरला मिठाईच्या खोक्यात भरून नेली. सगळ्यांसमोर खोका उघडला तर निम्मा चुरा. जाऊबाई हसत म्हणाल्या, "भुगाच आणायचा होता तर डब्यात आणायचा की." फार लागलं मला ते. या दिवाळीत पुण्याला भावाकडं, गावी आईकडं, नणंदेकडं आणि आमच्या गल्लीतल्या बारा घरी द्यायचं मनात आहे. दुकानासारखं दिसेल, पण जरा वेगळं, असं कसं बांधू? एका घरामागं तीस रुपयांच्या वर खर्च जमणार नाही.

उत्तर

तुमचं पत्र वाचलं आणि आधी त्या चुऱ्याबद्दलच बोलावंसं वाटलं. जाऊबाईंचं बोलणं लागलं असेल, पण तो चुरा तुमच्या हाताच्या दोषानं झालेला नाही. नानकटाईत तूप भरपूर असतं आणि पाणी जवळपास नसतंच, म्हणून ती तोंडात विरघळते. ज्या कारणानं तोंडात विरघळते त्याच कारणानं ती खोक्यात फुटते. ज्वारीचं बिस्कीट तर त्याहून नाजूक. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणजे गव्हाच्या कणकेला धरून ठेवणारा चिवटपणा तिच्यात नाही. भाकरी थापताना पीठ नीट मळलं नाही तर कडा कशा फाटतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि मिठाईचा खोका बेतलेला असतो पेढ्यासाठी, बर्फीसाठी. पेढा दबला तरी पेढाच राहतो. त्या खोक्यात नानकटाई मोकळी भरली, वर गाडीचे धक्के बसले, तर चुरा होणारच.

आता "दुकानासारखं दिसेल असं" या तुमच्या शब्दांवर थोडं थांबते. दुकानदाराला त्याचा खोका फळीवर महिनाभर ठेवायचा असतो, म्हणून त्याला चकचकीत कागद लागतो, खिडकी लागते, नाव लागतं. तुमची नानकटाई परवा भाजलेली, उद्या खाल्ली जाणारी. तिला फळीवर उभं राहायचंच नाही. तिला फक्त एका घरातून दुसऱ्या घरात धड पोचायचं आहे. म्हणून माझं सांगणं असं की खोका, रिबीन, रंग हे सगळं मागं ठेवा आणि आधी ठरवा की कोणती नानकटाई कुठं निघाली आहे, किती लांब, कशातून, आणि तिथं ती कोण उघडणार आहे. तुमच्या यादीत चार वाटा आहेत. चारही वेगळ्या, म्हणून बांधणीही चार तऱ्हेची.

मी लहान असताना दिवाळीच्या आधी आमच्याकडं मैदा, साखर आणि डालडा घेऊन आई बेकरीच्या भट्टीवर जायची. रांग असायची. बिस्किटं भाजून झाली की तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा भरून घरी यायचा, डोक्यावर धरून. तो डबा कधी कुणी सजवला नाही, पण त्यातलं एक बिस्कीट फुटलेलं मला आठवत नाही. आई ती मोकळी ओतून घ्यायची नाही. भट्टीपाशी खाली बसून एकेक उभं लावायची, कडेला कड लावून, चळतीवर चळत. मध्ये वर्तमानपत्र घालायची. ते तेवढं आता करायचं नाही, त्याचं कारण पुढं सांगते. बाकी सगळं तिचंच आहे, मी फक्त तुम्हाला पुढं देते.

कुठंही पाठवायची असली तरी दोन गोष्टी सारख्याच. पहिली, पूर्ण गार होऊ द्या. वरून हाताला गार लागलं तरी आत ऊब असते. तशीच झाकली तर वाफ झाकणाला लागते आणि सकाळपर्यंत खुसखुशीत नानकटाई मऊ पडते. जाळीवर दोन-तीन तास राहू द्या. दुसरी, मऊ आणि कुरकुरीत एका डब्यात घालू नका. खोबऱ्याची ओलसर कुकी आणि ज्वारीचं कडक बिस्कीट शेजारी ठेवलं की ओल एकीतून दुसऱ्यात जाते आणि दोन दिवसांत दोन्हीची मजा जाते. सगळे प्रकार एकत्र दिसले की छान वाटतं, हे मला कळतं. मग एका मोठ्या खोक्यात तीन छोट्या पुड्या करा, पण मोकळ्या मिसळू नका.

आता पुणे. हीच सगळ्यात अवघड वाट, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते. लातूरहून पुण्याचा प्रवास रात्रभराचा, आणि पार्सल डिकीत पोत्यांच्या, बॅगांच्या खाली जातं. एकदा मी स्वतः भाचीला असाच खोका पाठवला होता, वर मोठ्या अक्षरात "नाजूक" लिहून. त्याच्यावर कांद्याची पिशवी ठेवली गेली. तेव्हापासून मी लिहिलेल्या सूचनेवर विसंबत नाही, बांधणीवर विसंबते.

पुण्यासाठी नानकटाई करतानाच थोडी लहान आणि जाड ठेवा. मोठी पातळ चकती आधी फुटते. ज्वारीच्या पिठात थोडी कणीक मिसळली तर बिस्कीट जरा धरून राहतं. मग पत्र्याचा गोल डबा घ्या. नवीन घ्यायची गरज नाही, घरोघरी बिस्किटांचे, चहाचे रिकामे डबे पडलेले असतात. फक्त झाकण घट्ट बसतंय ना आणि आत मसाल्याचा वास नाही ना, ते बघा. तूप वास फार लवकर ओढतं. ज्या डब्यात काळा मसाला राहिला आहे त्यात नानकटाई घातली तर भावाला नानकटाईतून काळ्या मसाल्याची चव लागेल. साबणाच्या किंवा उदबत्तीच्या खोक्याचंही तेच. डबा धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा.

आत तळाला आणि कडेनं बटर पेपर लावा. दोन-दोन नानकटाया पाठीला पाठ लावून जोडी करा आणि जोड्या आडव्या न रचता उभ्या लावा, रुपयांची चळत कुशीवर निजवावी तशा. सपाट रचली तर वरच्या थराचा भार खालच्यांवर येतो. उभी लावली की धक्का तिच्या कडेला बसतो आणि कड मजबूत असते. थरांमध्ये बटर पेपर, वरच्या मोकळ्या जागेत चुरगळलेला बटर पेपर. झाकण लावून डबा कानाशी धरा आणि हलवा. आवाज आला म्हणजे जागा शिल्लक आहे. आवाज यायचा थांबेपर्यंत भरत राहा. मग झाकणाच्या सांध्यावर गोल चिकटपट्टी फिरवा. त्यानं हवा अडते आणि झाकणही सुटत नाही.

हा डबा पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात ठेवायचा, चारी बाजूंनी, वर आणि खाली तीन-चार बोटं जागा सोडून. त्या जागेत काय भरायचं? दुकानं थर्माकोल भरतात. तुम्ही ज्वारीच्या लाह्या भरा. आपल्याकडं नागपंचमीला ज्या लाह्या फोडतो, त्याच. वजनाला हलक्या, धक्का छान खातात, आणि पार्सल उघडल्यावर कचरा उरत नाही. कागदाच्या छोट्या पिशव्यांत लाह्या भरून त्या डब्याभोवती गच्च बसवा, म्हणजे त्या स्वच्छ राहतात आणि खोक्यात सांडत नाहीत. वर चिठ्ठी ठेवा की लाह्या खायच्या आहेत, चिवडा करा. पुण्यात राहणाऱ्या भावाला गावाकडच्या लाह्यांचा चिवडा किती दिवसांनी मिळेल, याचा विचार करा! मला तर ही बांधणी सगळ्यात आवडते, कारण तिच्यात जे राखतं तेही खाऊच आहे.

या पार्सलमध्ये चॉकलेट लावलेलं काही घालू नका. चॉकलेटमधली चरबी साधारण ३४ अंशांना वितळते आणि दिवसा उभ्या राहिलेल्या गाडीची डिकी त्याहून सहज जास्त तापते.

आता गल्लीतली बारा घरं. इथं प्रवास चाळीस पावलांचा, म्हणून फुटायची भीती नाही. पण दुसरी एक गोष्ट आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडं आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालूनच देतात. तुम्ही बारा घरी बारा सुंदर डबे दिले तर बारा बायकांच्या मनात एकच विचार येणार, आता यात काय घालून देऊ? ज्या घरी यंदा सोयाबीन पावसात गेलं असेल, त्या घरी हा विचार जड होतो. म्हणून शेजारी असं द्या की परत करण्यासारखं काही उरूच नये.

त्यासाठी पुडा बांधा. किराणा दुकानात पूर्वी साखर, डाळ ज्या कागदाच्या पुड्यात मिळायची आणि वर दोरा गुंडाळलेला असायचा, तोच. आत बटर पेपर, बाहेर साधा खाकी कागद, त्यात सहा नानकटायांची एक चळत, दोन्ही टोकं दुमडून दोऱ्याचे चार वेढे. पुडा बांधायला हात बसला की एकाला दोन मिनिटंही लागत नाहीत. गावातल्या एखाद्या जुन्या दुकानदाराला विचारा, तो दोऱ्याची ती एका ओढीत सुटणारी गाठ दाखवेल. दोऱ्याखाली ज्वारीचं एक छोटं वाळलेलं कणीस किंवा कडब्याच्या धांड्याचा बोटभर तुकडा खोचा. घरात मागच्या सुगीचा कडबा असेलच. दिसायला इतकं देखणं दिसतं की रिबिनीची आठवण येत नाही. ओली फुलं मात्र खोचू नका. झेंडूचं पाणी कागदात उतरतं आणि तिथून नानकटाईत.

इथंच वर्तमानपत्राचं सांगते. छपाईच्या शाईतले रंग आणि शिशासारखे धातू तेला-तुपात उतरतात. अन्नाच्या पॅकेजिंगचे २०१८ चे नियम आहेत, त्यांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई केलेली आहे. नानकटाईइतकं तूप दुसऱ्या कशात असतं? म्हणून बटर पेपरचा थर हवाच, आणि बाहेरचा कागदही कोराच घ्या. स्टेपलरची पिन कुठंच नको. लेकरं दातानंच पुडा उघडतात. चमकी तर मला अजिबात चालत नाही, ती झडते आणि खाऊत जाते.

या पुड्यांना तुमच्या तीस रुपयांतले फार थोडे लागतील. उरलेले पैसे पुण्याच्या खोक्याकडं आणि नणंदेच्या दुरडीकडं वळवा. एका घरामागं तीस असा हिशेब करू नका, पंधरा घरांचे मिळून साडेचारशे असा करा.

आईचं थोडक्यात. आईच्या हातात आता जोर किती आहे ते बघून डबा निवडा. फिरवून उघडायच्या झाकणाची सुंदर बरणी दिली आणि तिला ती उघडलीच नाही, तर ती कुणालातरी हाक मारेपर्यंत तशीच बसून राहील. वर उचलून निघणारं साधं झाकण बरं. काचेची पारदर्शक बरणी घेतलीत तर कोनाड्यात ठेवायला सांगा, खिडकीत नको. उजेडानं आणि उष्णतेनं तूप लवकर खवट होतं. आणि चिठ्ठीत एक गोष्ट स्पष्ट लिहा. ज्वारी आणि गूळ म्हटलं की शुगर असलेली माणसं निर्धास्त खातात. गुळानंही रक्तातली साखर वाढतेच. आईला शुगर असेल तर गूळ किती घातलाय ते मोठ्या अक्षरात लिहा, आणि दिवसाला एकच खा असंही लिहा. लेकीच्या अक्षरातलं असेल तर ती ऐकेल.

चिठ्ठी खरं तर सगळ्यांनाच हवी. कशाकशापासून केलं, शेंगदाणे किंवा काजू-बदाम आहेत का, कोणत्या तारखेला भाजलं, कधीपर्यंत संपवावं. घट्ट डब्यात नानकटाई दोन-तीन आठवडे छान राहते. कागदी पुड्यातली चार-पाच दिवसांत संपवलेली बरी, कारण कागद हवा अडवत नाही. चिठ्ठीसाठी मनासारखा कागद हवा असेल तर आपल्याच मराठवाड्यात कागजीपुरा आहे, दौलताबादहून खुलताबादला जाताना लागतं. शेकडो वर्षांपासून हातकागदासाठी ओळखलं जाणारं गाव. कधी वेरूळला जाणं झालं तर तिथून थोडा कागद आणून ठेवा, एका मोठ्या तावात कितीतरी चिठ्ठ्या होतात. हा कागद तूप लगेच पितो, म्हणून तो फक्त बाहेर, दोऱ्यात ओवून.

आणि आता नणंद. मला वाटतं पत्र लिहायला तुम्ही बसलात ते या घरासाठीच. तिथं जायचं म्हणजे सगळ्यांसमोर उघडलं जाणार. म्हणून तिथं मुळात बंद खोका नेऊच नका. उघडण्याचा तो क्षण, जेव्हा सगळ्यांच्या नजरा आत काय निघतंय यावर असतात, तोच टाळा. दुरडी न्या.

बुरुडाकडून बांबूची लहान दुरडी घ्या, वीतभर रुंदीची. बाजारच्या दिवशी मिळते. बांबूची कुसं असतील तर कापडानं घासून काढा, दिवसभर उन्हात ठेवा. आत जुन्या सुती लुगड्याचा धुतलेला, इस्त्री केलेला तुकडा, काठ बाहेर दिसेल असा. त्यावर बटर पेपर, त्यावर नानकटाया उभ्या, दुरडीच्या गोलाईनं फेर धरलेल्या. मध्यभागी ज्वारीची बिस्किटं. प्रत्येक नानकटाईचा काजू किंवा चारोळी वर दिसेल अशी बघा. आणि वरून रुमाल. तुमच्या किंवा तुमच्या आईच्या हातचा टाके घातलेला ताटावरचा रुमाल घरात नक्की असेल, पेटीत घडी करून ठेवलेला. तोच काढा. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात जेवण नेताना डोक्यावरची दुरडी कशी झाकून नेतो आपण, तशीच लुगड्याची चार टोकं वर आणून सैल गाठ मारा. गाठ नणंदेसमोर तुम्हीच सोडा, रुमाल तुम्हीच उचला.

दुरडीला पातळ प्लास्टिक गुंडाळायचा मोह होईल, कारण बाजारात तशाच टोपल्या दिसतात. नका गुंडाळू. एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिकवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यात मिठाईच्या खोक्यांभोवतीची पातळ फिल्मही येते. आणि बंदी नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. प्लास्टिकखाली लुगड्याचा काठ मेल्यासारखा दिसतो.

गाडीतून जाताना दुरडी मांडीवर घ्या, सीटवर ठेवू नका. औशाहून लातूर जेमतेम वीस किलोमीटर, मांडी अवघडणार नाही. सोबत एका छोट्या डब्यात आठ-दहा नानकटाया वेगळ्या न्या. एखाद-दुसरी फुटलीच तर ती उचलायची आणि तिथं दुसरी लावायची, पायऱ्या चढायच्या आधी. लुगड्याचा तुकडा आणि दुरडी नणंदेकडंच राहू द्या. रुमाल परत घ्यायचा असेल तर तसं मोकळेपणानं सांगा, त्यात कमीपणा नाही. आईच्या हातचे टाके आहेत म्हटलं की कुणालाही समजतं.

जाऊबाईंना काय म्हणायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. तरी सांगते, त्यांच्या हातात पहिली नानकटाई तुम्ही स्वतः द्या. मागचं काही काढू नका. आणि जमलं तर त्यांच्या घरासाठीही एक पुडा वेगळा बांधून न्या, कणीस खोचलेला.

ही पद्धत हाताशी आली की ती दिवाळीपुरती राहत नाही. संक्रांतीला वाणात सुगडं लुटतो, त्यात बोरं-हरभऱ्याऐवजी एका सुगडात तिळाच्या छोट्या कुकीज घालता येतील. फक्त मातीचं भांडं तूप शोषतं आणि आधी धुतलं असेल तर ओलही सोडतं. म्हणून दोन दिवस कडक उन्हात वाळवून, आत बटर पेपरची पुरचुंडी ठेवून मगच भरा. दसऱ्याला पुड्याच्या दोऱ्यात आपट्याचं पान. हुरड्याच्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्यांना परतताना कापडाच्या चंचीत चार-चार बिस्किटं. शिंप्याकडं कातरणं मागितली तर तो अशीच देतो आणि चंची शिवायला रेशमी कापड लागत नाही. पण हे सगळं एकदम हाती घेऊ नका, पंधरा घरंच पुष्कळ आहेत.

आता एक काम या आठवड्यातच करा. दिवाळीची वाट न बघता एक डबा आत्ताच भरा, लाह्यांसकट खोक्यात बसवा आणि कमरेइतक्या उंचीवरून वाकळीवर दोन-तीनदा टाकून बघा. उघडा. फुटलेल्या कुठं आहेत, तळाला की कडेला की वर, ते बघा आणि तिथं कागद वाढवा. मग तोच डबा पुन्हा भरून भावाला पाठवा आणि त्याला सांगा, खाण्याआधी झाकण काढून फोटो पाठव. जो चुरा निघेल तो वाया जात नाही, गरम दुधात घालून लेकरांना द्या. माझी आई डब्याच्या तळाचा भुगा मुद्दाम राखून ठेवायची, आणि त्यासाठी आमची भांडणं व्हायची.